वाटीभर वेळ

दंडघेर मोजायची पट्टी हातात घेतली तर तिचं वजनच लागत नाही. कागदासारखी पातळ, तीन रंगांची. मुलाचा डावा हात सैल सोडायचा, खांदा आणि कोपराच्या बरोबर मध्ये पट्टी गुंडाळायची, टोक खाचेतून ओवायचं आणि चौकोनात दिसणारा आकडा वाचायचा. घट्ट ओढायची नाही, ढिली ठेवायची नाही. १२.५ सेंटिमीटरच्या वर हिरवा. ११.५ ते १२.५ पिवळा. ११.५ च्या खाली लाल. पिवळ्याला अंगणवाडीत ‘मॅम’ म्हणतात, लालला ‘सॅम’. मॅम म्हणजे मध्यम कुपोषित, सॅम म्हणजे तीव्र कुपोषित.

त्या मंगळवारी चौकोनात ११.२ आलं. अंगणवाडीच्या ताईंनी पट्टी सोडली, पुन्हा लावली. पुन्हा ११.२. मूल चौदा महिन्यांचं, वजन ६ किलो १०० ग्रॅम. मी माझा अंगठा आणि तर्जनी जुळवून कडं केलं, तर तिचा दंड त्यात सहज मावला. ती रडली नाही. पट्टी लावताना नाही, काट्यावर ठेवताना नाही, माझ्यासारखी अनोळखी बाई जवळ आल्यावरही नाही. नुसती बघत राहिली. तिला मी इथे छकुली म्हणणार आहे.

तिला कडेवर घेऊन आली होती तिची बहीण. वय वर्षं सात.

मी नवी मुंबईत, नेरूळला राहते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून आठवड्यातून तीन सकाळी ठाणे लोकल धरते, जुईनगरनंतर तुर्भ्याला उतरते आणि तुर्भे स्टोअरच्या वस्तीत जाते. एका बाजूला ठाणे-बेलापूर रस्ता आणि कारखाने, मागे डोंगर. जवळच कृषी उत्पन्न बाजार समितीचं आवार. मुंबई आणि आसपासच्या शहरांना लागणारा कांदा-बटाटा, फळं, धान्य, मसाले तिथे उतरतात. पहाटे ट्रकमधून उतरणाऱ्या पालेभाजीचा वास वस्तीपर्यंत येतो. त्या वासाच्या पल्ल्यात लाल पट्टीची मुलं सापडतात, हे मला सुरुवातीला समजतच नसे. माझी समजूत साधी होती. मूल कुपोषित आहे म्हणजे घरात अन्न नाही. अन्न दिलं की झालं.

म्हणून पहिल्या वर्षी मी काय केलं, तर औषधाच्या दुकानातून पौष्टिक पावडरचे महागडे डबे नेले. एका घरी दिलेला डबा आठवड्यात संपला. पाच माणसांच्या चहात तो वाटला गेला होता. मला तेव्हा राग आला. आज नाही येत. घरात डबा आला की तो घराचा होतो. सासूला खोकला आहे, नवरा ओझी वाहतो, मोठ्याची परीक्षा आहे. एकाच मुलासाठी झाकून ठेवलेलं अन्न, ही कल्पना दहा बाय दहाच्या खोलीत टिकत नाही, आणि टिकावी अशी अपेक्षा मी कुठल्या आईकडून करायची?

छकुलीची आई मला संध्याकाळी भेटली. जालन्याकडची. सकाळी सातला नाक्यावर उभी राहते; बांधकामावर, गटाराच्या कामावर, जिथे मुकादम नेईल तिथे. परत यायला सहा-साडेसहा.

“खातच नाही ओ मॅडम,” ती म्हणाली. “चमचा दिसला की तोंड फिरवतंय लेकरू. चहात बिस्कीट बुडवून दिलं तर खातंय तेवढं.”

घरात तांदूळ होता. तूरडाळ होती, थोडी. डब्यात शेंगदाणे होते, कोपऱ्यात तेलाची पिशवी होती. मी सगळं डोळ्यांनी मोजत होते. अन्न होतंच. दिवसभर ते भरवणारं माणूस मात्र सात वर्षांचं होतं.

भरवणं या शब्दाला आपल्याकडे किती माया आहे. उष्टावणाला मामाच्या मांडीवर बसवून खिरीचं पहिलं बोट चाटवायचं. मग काऊचा घास, चिऊचा घास. माझ्या लेकीला भरवताना माझी सासू वाटी घेऊन गॅलरीत उभी राहायची, खालच्या गुलमोहरावरचा कावळा दाखवायची, आणि एका वाटीला पाऊण तास लागायचा. तो पाऊण तास आम्ही कधी मोजला नाही. घरात एक रिकामं माणूस होतं, इतकंच. ती आमची श्रीमंती होती हे मला तुर्भ्यात येऊन कळलं.

लहान मुलाचं पोट फार छोटं असतं. किलोमागे साधारण ३० मिलिलिटर धरतात. सहा किलोच्या छकुलीचं पोट म्हणजे आमटीची एक वाटी. ती एकदा भरली की भरली. आणि झीज भरून वजन वाढायच्या काळात अशा मुलाला किलोमागे दिवसाला किमान १५० किलोकॅलरी लागतात. म्हणजे छकुलीला नऊशेच्या वर. वरणाच्या पाण्याच्या वाट्या घालून तो आकडा गाठता येत नाही, पोटच पुरत नाही. म्हणून अन्न घट्ट हवं, त्यात तेल हवं आणि ते दिवसातून पाच-सहा वेळा हवं. चमचाभर तेलात ४५ किलोकॅलरी असतात. पातळ पेजेच्या लहान वाटीत जेमतेम तेवढ्या. बाळाला पचणार नाही म्हणून तेल टाळणाऱ्या आया मी अगदी नेरूळच्या सोसायटीतही पाहिल्या आहेत. पण तिथे दुसरं बरंच काही पोटात जात असतं, म्हणून चालून जातं.

आणि घट्ट अन्न अशक्त मूल गिळत नाही. तोंड फिरवतं. मग आई पाणी घालते. पाणी घातलं की पुन्हा ती वाटी पोकळ.

यावरचा तोडगा मला ताईंनी दाखवला, आणि तो पाहिला त्या दिवशी मला लहानपणीचं कोकणातलं स्वयंपाकघर आठवलं. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, अगदी हलकी गरम करून दळायची. जास्त भाजली तर गुण जातो. मग तांदूळ-डाळीची खीर चमचा उभा राहील इतकी घट्ट शिजवायची, भांडं खाली उतरवायचं, जरा वाफ जाऊ द्यायची आणि त्यात मोडाच्या पिठाचा एक चमचा घालून ढवळत राहायचं. पाहता पाहता ती घट्ट खीर सैल होते. पाण्याचा थेंब न घालता. मोड येताना दाण्यात जे पाचक द्रव्य तयार होतं, अमायलेज, ते पिठातला स्टार्च तोडतं. मग पुन्हा एक उकळी द्यायची. आता ती मुलाच्या घशातून उतरेल इतकी मऊ, आणि ताकद घट्ट खिरीची. आजीला अमायलेज माहीत नव्हतं. बाळाला नाचणीचं सत्त्व द्यायचं, मोड आणूनच द्यायचं, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

छकुलीच्या आईनं वाकून भांड्यात पाहिलं. “पाणी कव्हा घातलं?” तिनं विचारलं. घातलंच नाही म्हटल्यावर तिनं माझ्या हातातून पळी घेतली आणि स्वतः ढवळून पाहिलं.

पण एवढ्याने सुरुवात करता येत नाही. सॅमच्या मुलाला दिसेल ते भरपूर खायला घालणं जिवावर बेतू शकतं, हे मला माहीत नव्हतं. घरात पैसा आटला की बाई जशी एकेक दिवा मालवते, तसं उपाशी शरीर करत जातं. आधी वाढ थांबवतं, मग चरबी जाळतं, मग स्नायू. हृदय, यकृत, मूत्रपिंडं, सगळी सावकाश चालायला लागतात. अशा घरात एकदम शंभर पाहुणे आले तर जे होईल ते एकदम आलेल्या अन्नाने होतं. रक्तातले क्षार कोलमडतात. म्हणून ज्या मुलांची प्रकृती बिघडलेली असते त्यांना पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करतात. तिथे सुरुवातीला एफ-७५ नावाचं दूध थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, कारण अशा मुलाची साखर आणि अंगाची ऊब पहाटेच उतरते. मूल सावरलं की मग एफ-१००. नावातला आकडा म्हणजे १०० मिलिलिटरमधल्या किलोकॅलरी. लोहाचं औषधसुद्धा पहिल्या दिवसांत देत नाहीत, वजन चढायला लागल्यावर देतात. टॉनिकची बाटली घेऊन धावणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे आधी शिकायला हवं.

ताई हे सगळं नेमानं तपासतात. त्यांनी छकुलीच्या दोन्ही पावलांवर अंगठे दाबून धरले, खड्डा पडतो का पाहिलं. सूज असती तर दाखलच करावं लागलं असतं. ताप नव्हता, धाप नव्हती. वाटीतलं दिलं तर तिनं चार-पाच चमचे घेतले. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक आणि जंताचं औषध दिलं आणि घरी राहून उपचार चालतील असं सांगितलं.

त्याच्या आदल्या वर्षी एका मुलाला आम्ही दाखल केलं होतं. मुक्काम साधारण चौदा दिवसांचा असतो. चौथ्या दिवशी आई मूल घेऊन परत आली. मी तिला बोलले. भर गल्लीत, चार बायांसमोर बोलले. “मूल महत्त्वाचं की काम?” असे शब्द होते माझे. ती काही बोलली नाही. नंतर कळलं, मागे घरी तीन वर्षांची दुसरी मुलगी होती, शेजारणीकडे ठेवलेली, आणि ती शेजारीण गावाला निघाली होती. आईला बुडीत मजुरी मिळायची सोय असते, पण दुसरं मूल कुठे ठेवायचं याची सोय त्यात नसते. त्या बाईची माफी मागायला मी गेले तेव्हा खोलीला कुलूप होतं. ते कुटुंब पुन्हा मला भेटलं नाही.

तेव्हापासून मी वेगळं मोजायला लागले. घरात अन्न किती आहे हे नंतर. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा या वेळात मुलाजवळ कोण असतं, हे आधी.

अंगणवाडी आहे, आणि ती नसती तर काय झालं असतं याची कल्पनाही करवत नाही. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, देशात ३३ ठिकाणी. पण ‘अंगणवाडी’ हा शब्द त्याहून जुना आहे आणि तो आपल्या भागातला आहे. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात. शाळेपर्यंत न येणाऱ्या मुलांसाठी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. सोबत अनुताई वाघ होत्या. १९५७ मध्ये काम कोसबाडला गेलं. तुर्भ्याच्या गल्लीत अंगण नाही, दोन खोल्यांमध्ये हाताच्या अंतराची वाट आहे. तरी ताईंची खोली हेच तिथलं अंगण. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथे गरम आहार मिळतो. पण सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी न्यायचा शिधा मिळतो, ‘टीएचआर’. पाकीट घरी जातं. घरी शिजवणारं, भरवणारं कोणी नसतं. ज्या वयात वजन सर्वांत जास्त घसरतं, नेमकं त्या वयात आपण पाकिटावर थांबतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या मुलांपैकी २५.६ टक्के उंचीच्या मानानं बारीक आढळली. आधीच्या फेरीतही आकडा २५.६ च होता. चारातलं एक मूल. आकडा जागचा हलत नाही तेव्हा काहीतरी आपल्या हातून सुटतं आहे, असं मी म्हणेन. माझ्या मते सुटतं आहे ते पाळणाघर.

बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यात पाळणाघराची तरतूद होती. एका ठिकाणी ५० हून अधिक स्त्रिया कामाला असतील तर. छकुलीची आई ज्या कामांवर जाते तिथे बाया किती असतात? मी विचारलं होतं. “तीन. कधी पाच.”

ताईंना सगळं करायला सांगणं तर अन्यायच. वजनं, लसीकरणाच्या दिवसाची बोलावणी, गरोदर बायांच्या भेटी, मोबाईलवरच्या नोंदी, शिवाय येतील ती सर्वेक्षणं. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरच्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या, दीड महिन्याहून जास्त काळ. मानधनाच्या जागी वेतन हवं, हे त्यांचं मागणं मला आजही रास्त वाटतं. ज्या बाईच्या अंगठ्याला सूज आणि नुसता गुबगुबीतपणा यातला फरक कळतो, तिला मानधनावर ठेवणं शोभत नाही.

छकुलीसाठी माणूस सापडलं ते त्याच गल्लीत. चौथ्या खोलीत एक म्हातारी राहते, गल्ली तिला आज्जीच म्हणते. गुडघे गेलेले, बाजारात लसूण सोलायला जायची ते बंद झालेलं. ताईंनी तिला विचारलं आणि ती म्हणाली, “बसल्या जागी भरवायचंच ना? आणून ठेवा माझ्या पुढ्यात.” छकुली आणि आणखी तीन मुलं. आई सकाळी खीर करून ठेवून जाई, मोडाचं पीठ आम्ही सगळ्यांनी मिळून दळून आणलं होतं, तेलाचा आणि शेंगदाण्याच्या कुटाचा डबा आज्जीच्या उशाशी. अकराला, एकला, तीनला, पाचला. सकाळी कामावर जायच्या आधी आणि रात्री आई स्वतः.

आज्जीचं भरवणं मी जवळून पाहिलं आहे. ती मुलाला समोर बसवते, मांडीवर नाही. म्हणते, तोंड दिसलं पाहिजे. चमचा ओठाला लावून थांबते. कोंबत नाही. मूल तोंड फिरवतं, ती चमचा तसाच धरून दुसरीकडे बघत बोलत राहते, कालच्या पाण्याच्या भांडणाबद्दल, कुणाच्या लग्नाबद्दल. मूल तिच्या बोलण्याकडे बघतं, तोंड नकळत उघडतं. चमचा आत. ओठांवरचं चमच्याच्या कडेनं टिपून पुन्हा आत. मी एकदा घड्याळ लावलं. एका वाटीला अडतीस मिनिटं. चार मुलं, चार वेळा. हा सगळा वेळ तिच्याकडे होता, आणि आजवर कुणाला तो हवा नव्हता.

पहिल्या आठवड्यात काटा फक्त ६० ग्रॅमनं हलला. दुसऱ्या आठवड्यात जुलाब झाले, जे चढलं होतं ते उतरलं. ओआरएस आणि चौदा दिवसांचं झिंक, आणि वाटी मात्र बंद करायची नाही, असं ताई रोज दोनदा बजावून जात. मोरबे धरण स्वतःचं असलेल्या या शहरात त्या गल्लीला पाणी पिंपात साठवून प्यावं लागतं. हातपाय धुवायचं पाणी आणि प्यायचं पाणी एकाच पिंपातलं.

मग तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी गल्लीत शिरले तर कुणीतरी भोकाड पसरलेलं. दारात आज्जी हसत होती. छकुलीला वाटी दिसली होती आणि आज्जी ती आधी दुसऱ्या मुलाकडे घेऊन चालली होती. एवढ्यावरून ती लाल होऊन, मुठी आवळून रडत होती. इतकं छान रडणं मी ऐकलेलं नाही. ताई म्हणाल्या, “आता लागेल वजन.” आणि लागलं. दोन महिन्यांनी ७ किलो ४०० ग्रॅम. पट्टी १२.६. हिरव्यात, काठावर.

त्या दिवशीही तिला बहिणीनेच कडेवर आणलं होतं. तिच्याबद्दल मला सांगायचं आहे.

आज्जीकडे भरवणं सुरू झाल्यावर ती पुन्हा शाळेत जायला लागली होती. पण सुरुवातीच्या दिवसांत, दुपारी, ती आज्जीच्या दारात येऊन बसे आणि छकुलीचं झालं की वाटी उचले. बोटानं वाटीचा तळ फिरवून फिरवून चाटे. मी एकदा ते पाहिलं आणि म्हणाले, “अगं, ते बाळाचं आहे ना?” तिनं वाटी लगेच खाली ठेवली. पुन्हा माझ्यासमोर कधी उचलली नाही. सात महिने रोज ती वाटी तिनं बहिणीच्या तोंडाला लावली होती, स्वतः सकाळचा चहा पिऊन. आणि मी तिला हे म्हणाले.

छकुलीची पट्टी हिरव्यात आली, ताईंनी टाळ्या वाजवल्या, आईनं त्या दिवशी सुट्टी घेतली होती, तिनं पदर डोळ्यांना लावला. तेवढ्यात बहीण माझ्याजवळ आली आणि फ्रॉकची बाही वर सारून हात पुढे केला. “आजी, माझं पण बघा ना.”

ही पट्टी पाच वर्षांपर्यंतच्या मुलांची. तिच्या वयाला तिचे रंग लागू नाहीत. पण तिला नाही म्हणवेना. मी पट्टी गुंडाळली, टोक ओवलं, अलगद ओढलं. १३.१.

“हिरवं!” ती ओरडली. “आई, माझं पण हिरवं आलं!” आणि हात तसाच उंच धरून गल्लीभर सांगत सुटली.

सात वर्षांच्या मुलीचा दंड १३.१. मी ताईंकडे पाहिलं. त्या वहीत तिच्यासाठी रकाना नव्हता. त्यांनी शेवटचं कोरं पान उघडलं आणि वर तिचं नाव लिहिलं.

गुरुवारी जाताना मी आज्जीकडे पाचवी वाटी नेली. तिनं ती हातात घेऊन वजन बघितल्यासारखी उलटसुलट केली.

“जरा मोठी आण,” ती म्हणाली. “ही तिला पुरायची नाही.”